काना, मात्रा आणि केर

पंचांगात दिवाळी वसुबारसेला लागत असली, तरी घरात ती त्याआधी आठ दिवस, केरसुणी हातात घेतल्याबरोबर लागते. माळ्यावरचे डबे खाली येतात, कपाटे भिंतीपासून हलतात, आणि मग दरवर्षीच्या त्या तंट्याला तोंड फुटते : यातले ठेवायचे काय आणि टाकायचे काय? सुनेच्या दृष्टीने जो रद्दीचा गठ्ठा, तो सासऱ्यांच्या दृष्टीने चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार. नातवंडांच्या लेखी जो मोडका डबा, त्यात आजीने जपलेली बटणे. झाडणे कोणालाही येते. केर कोणता हे ठरवायला मात्र घर ठाऊक असावे लागते. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो ते उगाच नव्हे. घरातली कोणतीही वस्तू दाराबाहेर घालवण्याची सत्ता जिच्या हाती, तिला आधी नमस्कार केलेला बरा!

या सदरात शब्दांच्या खोड्या आजवर पुष्कळ सांगून झाल्या. आज दिवाळीच्या निमित्ताने अक्षरांच्या केरसुणीविषयी लिहायचे आहे. ही केरसुणी संगणकात असते. तिचे नाव रेग्युलर एक्स्प्रेशन. त्या धंद्यातली मंडळी लाडाने 'रेजेक्स' म्हणतात. आपण तिला साधेपणाने 'नमुना' म्हणू. आता तुम्ही म्हणाल, मराठी शिकवणाऱ्या बाईंनी या फंदात पडावे कशाला? तर त्याचे कारण असे की, ही केरसुणी जो केर काढते त्यात अधूनमधून आपले काने आणि मात्रा निघून जातात. आणि काना-मात्र्यांवर तर आमचे पोट!

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. संगणकाच्या लेखी मजकूर म्हणजे एकामागून एक ओवलेली अक्षरांची माळ. त्या माळेतून 'गणपती' हा शब्द शोध म्हटले, की तो शोधतो. पण समजा, एका लांबलचक यादीतले सारे दूरध्वनी क्रमांक काढून टाकायचे आहेत. क्रमांक कोणते ते आपल्याला ठाऊक नाहीत. फक्त त्यांचे रूप ठाऊक आहे : लागोपाठ दहा आकडे. हे रूप चिन्हांनी लिहून द्यायचे, म्हणजेच नमुना. चौकोनी कंसात [०-९] असे लिहिले की त्याचा अर्थ 'शून्यापासून नवापर्यंतचा कोणताही एक आकडा'. त्याच कंसात आरंभी ^ ही टोपी घातली की अर्थ उलटतो : 'यांच्यावाचून दुसरे काहीही'. टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर, आणि पुढे तारा काढला की 'आधीची वस्तू कितीही वेळा, अगदी एकदाही नसली तरी चालेल'. नमुन्यात बसणारा तुकडा सापडला की त्याच्या जागी काय ठेवायचे ते सांगावे लागते. काढून टाकायचे असेल तर 'काही नाही' ठेवायचे. झाले!

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हे अगदीच परके वाटू नये. पाणिनीने 'अच्' म्हटले की सारे स्वर आले, 'हल्' म्हटले की सारी व्यंजने आली. एका आखूड खुणेत वर्णांचा अख्खा वर्ग मावला. अक्षर नाहीसे होण्यालाही त्याने 'लोप' अशी संज्ञा दिली आणि लोप कोठे व्हावा याचे नियम बांधले. या संगणकी नमुन्यांचा उगम मात्र निराळा. १९४३ साली मॅककलक आणि पिट्स या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे एक गणिती चित्र मांडले होते. त्या जाळ्याला कोणकोणत्या घटनाक्रमांची ओळख पटू शकेल, या प्रश्नावर स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने १९५१ साली काम केले आणि त्याचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तारा त्याचाच. आजही त्याला 'क्लेनीचा तारा' म्हणतात. पुढे १९६८ साली केन टॉम्पसन याने मजकुरात असे नमुने झटपट शोधण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९७३ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीत 'ग्रेप' नावाची त्याची एक छोटीशी आज्ञा आली. नावाचा अर्थ एवढाच : 'सगळीकडे हा नमुना शोध आणि ती ओळ छापून दाखव.' दाखव, असे म्हटले आहे. काढ, असे नव्हे. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

दाखवण्यापासून काढण्यापर्यंतची वाट कशी निसरडी आहे, हे पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाचीने एकदा मला समजावून दिले. विषय होता जुन्या नाटकांच्या संहितांचा. त्यांतल्या कंसातल्या रंगसूचना काढून नुसते संवाद वेगळे करायचे होते. उदाहरण म्हणून तिने आपल्या मनानेच एक ओळ लिहिली :

भाचा : (दचकून) कोण आहे? (दार उघडून) अरे, आत्या, तुम्ही! (वाकून नमस्कार करतो.)

आणि नमुना दिला \(.*\) असा. म्हणजे उघडता कंस, मध्ये काहीही कितीही, मग मिटता कंस. कंसांच्या आधीची तिरकी रेघ एवढेच सांगते की, हा साधा लिहिण्यातला कंस समज. 'काढ' म्हणताच ओळीत उरले ते इतकेच : 'भाचा :'. नमस्कारासकट आत्या गडप!

"अगं, हे काय झाले?" मी विचारले.

"मावशी, तो तारा हावरट असतो," ती म्हणाली. "पहिल्या कंसापासून निघाला की मिळेल तितके गिळत ओळीच्या टोकापर्यंत जातो, आणि तिथून शेवटचा मिटता कंस गाठण्यापुरता मागे येतो. मधले दोन मिटते कंस त्याने पाहिलेच नाहीत असे नाही. पण तूच 'काहीही' म्हणालीस, त्याने काहीही घेतले."

मग तिने 'काहीही'च्या जागी 'मिटत्या कंसावाचून काहीही' असे घातले, \([^)]*\) अशी चिन्हांची नवी रांगोळी काढली, आणि आत्या सुखरूप परत आल्या. नमुन्यातला एक शब्द ढिला राहिला तर तो केवढे खातो ते यावरून कळावे. आणि कोणतीही तक्रार न करता खातो, हे त्याहून महत्त्वाचे.

स्वयंपाकघरातली उपमा द्यायची तर नमुना ही चाळण आहे. चाळणीला गहू कळत नाही, खडाही कळत नाही. तिला फक्त भोकाचा आकार कळतो. गव्हाएवढा खडा ती तशीच वर ठेवील आणि बारीक दाणा कोंड्याबरोबर खाली पाडील. म्हणून तर चाळून झाले तरी आपल्या आयाबाया गहू ताटात घेऊन निवडत बसायच्या. मराठीच्या बाबतीत तर हे फारच खरे. समजा, शब्दांचे मूळ रूप हवे म्हणून तुम्ही नियम केला : शब्दाच्या शेवटचा 'ने' हा तृतीयेचा प्रत्यय काढावा. 'काकाने'चे 'काका' झाले, उत्तम. पण त्याच झपाट्यात 'सोने'चे 'सो' झाले आणि 'दागिने'चे 'दागि'! ऐन धनत्रयोदशीला तिजोरी रिकामी. 'ला' काढायला जाल, तर 'मामाला' सुधारेल. पण 'कला' अर्धी होईल आणि 'मला' म्हणणाऱ्याचा नुसता 'म' उरेल. प्रत्यय आणि शब्दाचे अंग यांतला फरक माणसाला अर्थावरून कळतो. नमुन्यापुढे फक्त अक्षरे असतात.

येथवरच्या चुका निदान ओळखू येण्याजोग्या आहेत. आता जी सांगते ती अशी की, नियम लिहिणाराला तो चुकल्याचा संशयसुद्धा येत नाही. मजकूर स्वच्छ करण्याचा सर्वांत प्रचलित नियम आहे : 'जे अक्षर नाही, आकडा नाही आणि मोकळी जागाही नाही, ते सारे काढून टाक.' यात स्वल्पविराम, अवतरणचिन्हे, चांदण्या असले सगळे किडूकमिडूक निघून जावे असा हेतू. 'अक्षर' या वर्गासाठी संगणकाच्या भाषांत एक तयार आखूड खूण असते. पायथन नावाच्या लोकप्रिय भाषेच्या अंगच्या साधनात ती खूण वापरून 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढे तीन शब्द स्वच्छ करायला दिले, तर हाती येते ते असे :

दवळचय हरदक शभचछ

या शुभेच्छा कोणाला पाठवाव्यात असा प्रश्न पडेल! जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत तर तीच खूण फक्त इंग्रजी अक्षरांना अक्षर मानते. तेथे हा नियम लावला की मराठी मजकूर सबंधच पुसला जातो. ते एका परीने बरे. पाटी कोरी झालेली निदान दिसते.

हे असे होते याचे कारण जगातल्या लिप्यांची जी सामायिक वही आहे, तिच्यात आहे. तिचे नाव युनिकोड. पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आणि एक वर्ग दिलेला असतो. 'क'चा वर्ग 'अक्षर'. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडणारे चिन्ह यांचा वर्ग 'अक्षराला जोडायची खूण'. नोंद म्हणून यात चूक काही नाही. काना एकटा उभा राहत नाही हे खरेच आहे. अडचण वापरणाराच्या नजरेत आहे. इंग्रजीत स्वर ही स्वतंत्र अक्षरे, व्यंजनांच्या पंगतीला बसणारी. आपले स्वर शब्दाच्या आरंभी पाटावर बसतात, एरवी बहुधा व्यंजनाच्या कडेवर. दारावरच्या माणसाला सांगितले, 'पाटावर बसलेल्यांनाच मोजा', की कडेवरची सारी पोरे उपाशी! फ्रेंचमध्ये अक्षराच्या डोक्यावरची खूण गेली तर उच्चार बिघडतो, पण शब्द बहुधा ओळखू येतो. आमचा काना गेला की 'दान', 'दीन' आणि 'दून' यांचे सगळ्यांचे मिळून एकच 'दन' उरते.

मात्रांवाचून लिहिण्याने काय होते, याची एक गोष्ट उत्तरेकडे पूर्वापार सांगतात. तिकडच्या व्यापाऱ्यांची महाजनी लिपी काना-मात्रा न देता लिहीत. कोणी कळवले, 'काका अजमेर गये'. वाचणाराने वाचले, 'काका आज मर गये', आणि घरात रडारड झाली. गोष्ट घडली असो वा नसो, धडा पक्का आहे. आणि त्या वाचणाराला निदान चौकशी करता येत होती. यंत्र चौकशी करीत नाही.

कोणी म्हणेल, मग तयार खूण वापरूच नये, आपणच 'अ ते ह' असा वर्ग लिहावा. मराठी माणसाला हे सहज सुचते आणि तेही फसते. युनिकोडच्या वहीत देवनागरीसाठी १२८ जागा आखलेल्या आहेत आणि त्यांचा क्रम भारतीय मानकावरून घेतला आहे. त्यात अनुस्वार 'अ'च्या आधी बसतो आणि काना-मात्रा 'ह'च्या नंतर. म्हणजे 'अ ते ह' या चाळणीतून 'शंकर' गेला की खाली 'शकर' येतो. आपल्या वर्णमालेत 'ह'च्या पुढे बसणारा 'ळ' तेथे 'ल'च्या शेजारी आहे, म्हणून तो बिचारा वाचतो. पण 'ॲ'ची जागा 'ह'च्या पुष्कळ पुढे आहे. 'ॲसिडिटी' त्या नियमाने आरंभीच कापली जाईल. फराळाच्या दिवसांत हे कोणाला सोयीचे वाटले तरी शब्दकोशाला वाटणार नाही.

याहून सूक्ष्म प्रकार अदृश्य चिन्हांचा. मजकुराच्या माळेत काही चिन्हे अशी असतात की ती कागदावर दिसत नाहीत. शेजारच्या अक्षरांनी एकमेकांना कसे जोडून घ्यावे एवढेच सांगतात. एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे नेताना ती नको तेथे येऊन बसतात, म्हणून 'सारी अदृश्य चिन्हे काढ' हा नियमही सर्रास वापरतात. आता मराठीचे पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्हींत 'र'च, पण एकात रफार आणि दुसऱ्यात तो चंद्रकोरीसारखा आडवा र. हा आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो : त्याच्यासाठी खास नेमलेल्या अक्षराने, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या मजकुरावर ती केरसुणी फिरली, की जोडचिन्ह जाते आणि चंद्रकोरीचा रफार होतो. 'आचाऱ्यांना शिधा द्या' असे लिहिले असेल, त्याचे 'आचार्यांना शिधा द्या' होते. लग्नघरात शिधा कोठे पोचेल सांगा! आणि गंमत अशी की, नवा शब्दही शुद्धच आहे. शुद्धलेखन तपासणारे यंत्र त्याला हटकणार नाही.

एवढे सगळे ऐकून 'हा संगणकवाल्यांचा घरचा मामला, आम्हांला काय त्याचे?' असे म्हणण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या ओपनएआय या कंपनीने व्हिस्पर नावाची, माणसाचे बोलणे ऐकून लिहून काढणारी यंत्रणा सर्वांसाठी खुली केली. असल्या यंत्राने लिहिलेले किती बरोबर, हे मोजण्यापूर्वी यंत्राचा मजकूर आणि खरा मजकूर असे दोन्ही स्वच्छ करून घेतात. एखाद्या स्वल्पविरामापायी गुण कापले जाऊ नयेत, हा त्यातला रास्त हेतू. तिच्याबरोबर दिलेल्या स्वच्छतेच्या नियमांत, इंग्रजीखेरीजच्या भाषांसाठी, विरामचिन्हांबरोबर 'अक्षराला जोडायची खूण' हा सबंध वर्गच काढून तेथे मोकळी जागा ठेवलेली होती. परिणाम काय झाला? यंत्राने 'दान'च्या जागी 'दीन' लिहिले, तरी दोन्हीकडे 'द न' उरून उत्तर बरोबर! भारतीय लिप्यांच्या बाबतीत यामुळे चुका प्रत्यक्षाहून कमी दिसतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात संशोधकांनी दाखवून दिले.

आम्हां शिक्षकांना हे पटकन कळते. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतले सगळे काने, मात्रा आणि वेलांट्या आधी खोडरबराने पुसायच्या, मग शुद्धलेखन तपासायला घ्यायचे, आणि शेवटी 'वर्ग फारच हुशार आहे' असा शेरा मारायचा, त्यातला हा प्रकार. यात नुकसान परीक्षकाचे होत नाही. ज्याच्या चुका कोणी दाखवल्याच नाहीत, त्या विद्यार्थ्याचे होते. आणि पुढे त्याने लिहिलेले ज्यांना वाचावे लागेल, त्या सर्वांचे होते.

मग करावे काय? केरसुणी मोडून टाकावी असे मी मुळीच म्हणणार नाही. जुन्या पुस्तकांची पाने छायाचित्रांवरून मजकुरात आणताना पानापानावरचे आकडे, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आणि दुहेरी मोकळ्या जागा हाताने काढीत बसायचे म्हटले, तर आयुष्य पुरणार नाही. ते काम नमुन्यानेच व्हावे. पण चार पथ्ये पाळावीत. पहिले, मूळ मजकूर बाजूला जपून ठेवावा आणि स्वच्छता त्याच्या नकलेवर करावी. दुसरे, 'काढ' म्हणण्याआधी त्या जुन्या ग्रेपप्रमाणे 'दाखव' म्हणावे. काय काय जाणार आहे ते डोळ्यांनी पाहावे. तिसरे, मराठीसाठी वर्ग लिहिताना अक्षर आणि अक्षराला जोडायची खूण ही दोन्ही मिळून एक धरावीत. आजच्या बहुतेक साधनांत तशी सोय आहे, फक्त ती मागावी लागते. आणि चौथे, जो नियम मराठीवर चालवायचा तो आधी दहा-वीस खोडकर मराठी शब्दांवर चालवून पाहावा : दर्या आणि दऱ्या, आचार्य आणि आचारी, सोने, शंकर, ॲसिडिटी, दुःख. यातला एकही जखमी झाला तर नियम परत पाठवावा.

ही शब्दांची यादी करणे मात्र परदेशातल्या कोणा अभियंत्याला जमणारे नाही. त्याच्या कानाला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद ऐकू येणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. आपल्या घरातली कोणती वस्तू ठेवण्याची आणि कोणती टाकण्याची, हे परगावच्या गड्याला आपणच सांगायचे असते. ज्या घरात मराठी चांगली बोलतात-लिहितात, अशा कितीतरी घरांत आज संगणकाच्या धंद्यातले एखादे तरी मूल असते. या सुट्टीत ते घरी येईल. फराळाचे ताट पुढे ठेवून त्याला एवढेच विचारा, "अरे, तुमच्या त्या केरसुणीत आपला काना राहतो ना?" उत्तर ठाऊक नसेल तर तो त्याच संध्याकाळी तपासून पाहील. त्याचे एवढे तपासणे झाले तरी या दिवाळीची साफसफाई सत्कारणी लागली असे मी समजेन.